डॉमिनन्सचं कार्ड

१

तिसगावात शनिवारी सकाळी चोरी उघडकीला आली, आणि चोरीला गेलं काय, तर एक इंग्रजी शब्द.

हसू नका. हा शब्द मच्छिंद्र गुरुजींच्या शब्दपेटीतला होता, आणि त्या पेटीची किंमत तिसगावात लहान पोरसुद्धा जाणतं. तीस वर्षं खपून गुरुजींनी चार हजारांवर कार्डं केली होती. विकतचा कागद परवडेना म्हणून गावातल्या प्रेसमधून वाया गेलेल्या लग्नपत्रिका आणायच्या, एकेका पत्रिकेचे चार तुकडे करायचे आणि कोऱ्या बाजूला सुबक अक्षरात लिहायचं: शब्द, अर्थ, उपयोग आणि शेवटी एक वाक्य, तेही आपल्याच गावातलं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या पोरांची सहा-सहा महिने शाळा बुडायची. निघताना गुरुजी प्रत्येकाच्या पिशवीत पन्नास कार्डं घालत आणि हंगाम संपला की मोजून परत घेत. उसाच्या फडात बसून ती कार्डं घोकलेली पोरं आज कुठे कुठे पोचली आहेत, हे सांगताना गाव अजून छाती फुगवतं.

त्यातलीच एक ज्योती. सहादेवची मुलगी. आई-बापाच्या कोयत्यामागे मोळ्या गोळा करत वाढलेली ही पोर आता शेजारच्या जिल्ह्यात नायब तहसीलदार होती. गुरुजींनी पेटी वाचनालयाला देऊन टाकली होती आणि रविवारी सकाळी दहा वाजता ज्योतीच्या हस्ते तिचं लोकार्पण होतं.

शुक्रवारी दुपारी ज्योतीचा वाचनालयात फोन आला. ग्रंथपाल रेश्माचे हात पुस्तकांत अडकले होते, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"रेश्माताई, मला भाषणात एकच कार्ड दाखवायचंय. डॉमिनन्स. नंबर बाराशे नऊ. तेवढं आहे ना बघा."

रेश्मानं तिथल्या तिथे बघितलं. कार्ड होतं. शनिवारी सकाळी ते काढून ठेवायला गेली, तर बाराशे आठनंतर एकदम बाराशे दहा.

वाचनालयाचा अध्यक्ष वैजनाथ, गावचा उपसरपंच, तिथेच मांडवाची दोरी ओढत उभा होता. त्यानं आवाज चढवला. "किल्ली तुझ्याकडं, पेटी तुझ्याकडं. उद्या दहाच्या आत कार्ड आलं न्हाई, तर सोमवारपासून तू येऊ नको!"

ही नोकरी तिनं सासरच्या चार माणसांशी भांडून मिळवली होती. ती गेली की त्यांना आयतंच सापडणार होतं, आणि पुन्हा उंबरा ओलांडणं कठीण होतं. रडायला वेळ नव्हता. ती तडक मनकर्णाबाईंच्या घरी गेली.

२

मनकर्णाबाईंनी चौतीस वर्षं पोस्टात काढली होती. पत्ता चुकलेली, पावसात भिजलेली, नाव पुसलेली पाकिटं त्यांनी बरोबर त्या-त्या घरी पोचवली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गावात काही हरवलं की माणूस आधी त्यांच्याकडे येतो, आणि बरेचदा मग पोलिसांकडे जायची गरजच राहत नाही. अंगानं किडकिडीत, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, बोलणं हळू. पण बाईंची नजर अशी की समोरच्यानं खोटं बोलायचं ठरवलं असलं तरी जीभ आपसूक अडखळते.

"मावशी, मी घेतलं न्हाई हो," रेश्मा म्हणाली.

"ते मला ठाऊक हाय. चल, पेटी दाखव."

कार्डांचे शंभर-शंभरचे गठ्ठे कापडी नाडीनं बांधून लांबट ट्रेमध्ये उभे ठेवलेले होते. बाई वाकल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"सकाळी तू हात लावलास तेव्हा हा गठ्ठा असाच हुता?"

"उलटा हुता, मावशी. शब्दांची तोंडं मागं भिंतीकडं. मी वळवला आन् वरनं नंबर बघत गेले. नाडीला हात लावला न्हाई."

"नाडी कोण बांधतं?"

"मीच. सगळ्यांना सुरगाठ मारते."

बाईंनी शेजारचे गठ्ठे पाहिले. प्रत्येकाला फुलासारखी सुरगाठ. या एकाला गाठच नव्हती. नाडीची दोन टोकं एकत्र धरून पीळ दिला होता आणि पीळ तसाच आत खोचून टाकला होता. ओढून बघितलं तर गठ्ठा जराही हलेना.

"काल फोन आल्यावर इथं कोण कोण येऊन गेलं?"

"वैजनाथभाऊ. गुरुजी चहाला आलते, पण ते बाहेरच बसले. आन् सहादेवकाका मांडवासाठी बाकं काढत हुते. फोन आला तवाबी ते इथंच हुते. पण त्यांचं सोडा. ज्योतीताईचे वडील ते, आन् इंग्रजीचं एक अक्षर का आकडा त्यांना येत न्हाई. चार हजारांतनं डॉमिनन्स कसं काढतील?"

"खरंय," बाई म्हणाल्या. "इंग्रजी न येणारा ते कसं काढील?" आणि रेश्माकडे बघून त्या पहिल्यांदाच हसल्या. रेश्माला त्या हसण्याचा अर्थ काही केल्या लागेना.

३

मच्छिंद्र गुरुजी ओसरीवर बसले होते. कार्डाचं कळल्यापासून त्यांनी चहाही घेतला नव्हता.

"गुरुजी, डॉमिनन्स म्हणजे नक्की काय? आमच्या पोस्टाला समजंल असं सांगा."

गुरुजींची कळी खुलली. शब्दाचा अर्थ विचारला की ते आजारपणातूनही उठून बसतात. "अर्थ सोपा आहे. वर्चस्व. पण नुसता अर्थ पाठ करून शब्द येत नाही, मनकर्णाबाई, उपयोग कळावा लागतो. हा शब्द कधी एकटा राहत नाही. त्याच्याखाली कोणीतरी लागतंच. कोणाचा डॉमिनन्स, तर कोणावर, हे सांगावं लागतं. आणि तो आरडाओरडा करून मिळत नाही. रस्त्यानं वळू आला की बाकीची गुरं न सांगता बाजूला होतात ना, तिथे हा शब्द वापरायचा."

"आन् तुमी वाक्य काय लिहिलं हुतं?"

गुरुजी जरा ओशाळले. "'आमच्या गावात नळावर टँकरचा डॉमिनन्स आहे.'"

बाईंनी भुवई उचलली. गावात टँकर दोन, आणि दोन्ही वैजनाथचे. भर सभेत पाहुणीनं ते वाक्य वाचून दाखवलं असतं तर गाव आठवडाभर हसलं असतं. कार्ड नाहीसं व्हावं असं वाटायला याहून चांगलं कारण कुठलं?

वैजनाथ मांडवातच भेटला. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "वैजनाथ, बाळा, टँकरचं वाक्य तुला झोंबलं असंल."

"झोंबलं?" वैजनाथनं खिशातून मोबाईल काढून त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर कार्डाचा फोटो, खाली हात जोडलेलं चित्र. "काकू, काल फोन झाल्यावर मी कार्ड बघितलं, फोटो काढला आन् थेट स्टेटसला टाकला. गुरुजींच्या शब्दपेटीत आपला टँकर! दोनशे दहा जनांनी बघितलाय. मी कशाला चोरू? म्हनून तर डोकं फिरलं माझं. उद्या पाव्हणीनं वाचून दाखवलं असतं तर मी सोता उभा राहून टाळ्या वाजवनार हुतो."

राग येण्याऐवजी अभिमानानं फुललेला तो चेहरा पाहून बाईंना हसू आवरेना. पण पुढच्याच क्षणी त्या गंभीर झाल्या.

"फोटो पुढचाच काढलास? मागचा न्हाई?"

"मागं काय असतंय, काकू? कुनाच्या तरी लग्नाची पत्रिका."

मनकर्णाबाई तिथूनच वळल्या आणि वाचनालयाकडे भराभर चालू लागल्या.

४

"रेश्मा, दार लोटून घे आन् माझं ऐक," बाई म्हणाल्या. "चोरानं काय नेलं? शब्द? तो तर कुठल्याबी डिक्शनरीत हाय. वाक्य? ते दोनशे मोबाईलवर हाय. शहाणा चोर त्यासाठी कशाला जाईल? मग कार्डावर राहिलं काय?"

"मागची बाजू."

"बरोबर. चौतीस वर्षं मी एकबी पाकीट पाठ बघितल्याबिगर खाली ठेवलं न्हाई. चोरानंबी तेच केलं. गठ्ठा उलटा का हुता? काल तू कुठला गठ्ठा काढलास ते त्यानं बघून ठेवलं हुतं, पण त्यात त्यानं शब्द शोधलाच न्हाई. तो मागनं, पत्रिकेच्या बाजूनं एकेक तुकडा बघत गेला. मराठी वाचत गेला. म्हंजे इंग्रजी न येनं हा त्याचा बचाव न्हाई, ती त्याची खूण हाय."

रेश्मानं गठ्ठा जवळ ओढला.

"आता नाडी. तू कधी मोळी बांधताना बघितलीस? उसाच्या वाढ्याला, म्हंजे शेंड्याच्या पानांना, पीळ द्यायचा आन् टोक आत खोचायचं. गाठ मारत बसायला फडात सवड कुणाला? वीस-पंचवीस वर्षं ज्याच्या हातानं रोज शंभर मोळ्या बांधल्या, त्याच्या हातात नाडी दिली तरी तो पीळच देनार. त्याला ठाऊकसुद्धा नसंल आपण काय केलं ते."

"मावशी, तुमी सहादेवकाकांचं म्हनताय?"

"अजून न्हाई म्हनत. गुरुजी एका पत्रिकेची चार कार्डं करतात आन् शब्द ओळीनं लिहितात. बाराशे नऊ गेलं, पण त्याची भावंडं इथंच असतील."

बाईंनी बाराशे आठ, दहा आणि अकरा ही कार्डं काढून टेबलावर पालथी मांडली. तिन्ही तुकड्यांच्या कडा एकमेकींना अचूक जुळल्या. वर लाल शाईतला गणपती आणि 'श्री कानिफनाथ प्रसन्न'. दुसऱ्या तुकड्यावर नवऱ्या मुलाचं नाव आणि ऊसतोडीच्या एका लांबच्या टोळीचं गाव. तिसऱ्याच्या तळाशी, अशा पत्रिकेत असते तशी पोराटोरांची ओळ: 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं! - चि. ओम.' त्याखाली प्रेसचं नाव आणि साल. बारा वर्षांपूर्वीचं.

चौथा कोपरा रिकामा होता. नवरीचं नाव, बापाचं नाव आणि मुहूर्त तिथे असणार होता.

"ओम म्हंजे सहादेवकाकांचा ओम? नागापूरला एमआयडीसीत हाय तो?" रेश्मानं कसंबसं विचारलं. "पण त्याला बहीण एकच. ज्योतीताई. आन् तिचं तर लग्नच..." ती थांबली. मग हळूच बोटं मोजायला लागली.

"मोजू नको," बाई म्हणाल्या. "त्या वर्षी ती आठवीत हुती. तिच्या स्कॉलरशिपचं पाकीट मीच तिच्या हातात दिलं हुतं. चौदा वर्षांची हुती पोर."

५

सहादेव अंगणात उद्याचा सदरा वाळत घालत होता. मनकर्णाबाईंना पाहून त्याचा हात दोरीवरच थांबला.

"सहादेवभाऊ, रेश्माची नोकरी जातीय," बाई एवढंच म्हणाल्या.

तो आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं कार्ड होतं.

"जाळनार हुतो, बाई. चुलीपर्यंत नेलं. पन मागं गुरुजींचं अक्षर. ते वाचून माझी पोर सायेब झाली. जाळवंना."

बाईंनी कार्ड घेतलं नाही. त्या पायरीवर बसल्या. सहादेवही उकिडवा बसला आणि जमिनीकडे बघत बोलू लागला.

"नवरा-बायकोची जोडी म्हंजे एक कोयता. पोरीचं लगीन लावून दिलं की आपली जबाबदारी सरली आन् तिकडं एक कोयता वाढला, असं आमच्यात चालायचं. ती शाळेत असतानाच मी ठरवून टाकलं. तिला इचारलंबी न्हाई. पत्रिका छापायला टाकली. प्रेसवाल्याची पयली पत्रिका खराब निघाली, ती गुरुजींकडं गेली, आन् नशीब बघा, त्योच तुकडा पोरीच्या पिशवीत आला. एक दिस समोर येऊन उभी राहिली. रडली न्हाई. म्हनली, आबा, या बाजूला माझं नाव हाय. आन् या बाजूला शब्द हाय, त्याचा अर्थ वर्चस्व. तुमचं माझ्यावर हाय ते हेच का?"

"मग?"

"मग मी तिच्या थोबाडीत मारली."

सहादेवनं पंच्यानं डोळे पुसले.

"पत्रिका वाटायच्या आधीच, दुसऱ्या दिशी जाऊन सोयरीक मोडून आलो, ते खरं. पन मारलेलं मारलेलंच. तिनं मुकाट्यानं कार्ड गुरुजींना परत केलं. बारा वर्षांत आमी दोघं त्याबद्दल चकार शब्द बोललो न्हाई. आन् काल फोनवर ती म्हनली, तेच कार्ड दाखवनार. सगळ्या गावासमूर. बाई, गाव मला ज्योतीचा बाप म्हनून वळखतं. दुसरं काय हाय माझ्यापाशी?"

मनकर्णाबाईंना वाईट वाटलं. हा माणूस त्यांना लहानपणापासून माहीत होता. पण रेश्माचा पांढराफटक चेहराही त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"मी हे कार्ड नेऊन गुपचूप गठ्ठ्यात ठेवू शकते," त्या म्हणाल्या. "पण मग गाव म्हनंल, रेश्मानं लपवलं आन् घाबरून परत ठेवलं. तिचं सासर तेवढंच धरून बसंल. म्हनून कार्ड मी नेत न्हाई. तुमच्यापाशीच ठेवा. उद्या दहाला काय करायचं ते तुमचं तुमी ठरवा."

"आन् मी न्हाईच आलो तर?"

बाई उठल्या. "तर मला बोलावं लागंल. पण मला वाटतं, तुमी याल."

एवढं बोलून त्या गेल्या. तपास पुरा करून पुरावा आरोपीच्याच हाती ठेवून येणारी दुसरी व्यक्ती निदान आमच्या पाहण्यात नाही.

६

रविवारी मांडव गच्च भरला. ज्योती साध्या सुती साडीत आली, गुरुजींच्या पाया पडली, आईला भेटली. "आबा कुठेत?" तिनं विचारलं. आईनं इकडेतिकडे बघितलं. सहादेव नव्हता.

रेश्मा शेवटच्या बाकावर अंग चोरून बसली होती. शेजारी मनकर्णाबाई. त्यांची नजर मांडवाच्या तोंडाकडे लागलेली आणि चेहरा नेहमीसारखाच शांत, पण रेश्मानं पाहिलं, बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट आवळून धरलं होतं.

वैजनाथनं माईक हातात घेतला. "एक गोष्ट सांगताना मान खाली जाती. पाव्हण्यांनी मागितलेलं कार्ड आमच्या ग्रंथपालाच्या ताब्यातून..."

"थांब, वैजनाथ."

सहादेव मांडवाच्या तोंडाशी उभा होता. धुतलेला सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. बाकांच्या मधल्या वाटेनं तो पुढे आला. व्यासपीठावर चढला नाही, खालीच उभा राहिला. वैजनाथनं गोंधळून माईक त्याच्यापुढे धरला.

"कार्ड म्या घेतलं," सहादेव म्हणाला. "रेश्माचा काडीचा दोष न्हाई. याच्या मागं माझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका हाय. ती चौदाची हुती तवाची. म्या ठरवलेलं लगीन. तिनं मला जाब इचारला तर म्या तिला मारलं. ते गावाला कळू नये म्हनून चोरलं. आता कळलं."

सहादेव कार्ड पुढे धरून उभा होता.

ज्योती पायऱ्या उतरून खाली आली. तिनं कार्ड घेतलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आबा, मला थापड आठवत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आठवते," ती म्हणाली. "पण मी कार्ड त्यासाठी मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही नऊ कोस चालत जाऊन लग्न मोडून आलात, ते मला सांगायचं होतं. त्या रागानं पुढचे दोन हंगाम कुठल्याच टोळीनं तुम्हाला कोयत्याला उभं केलं नाही. तुम्ही आणि आई इथं विहिरींवर दगड फोडत राहिलात आणि मला शाळेत ठेवलंत. गुरुजींनी शिकवलं की हा शब्द वापरायचा तर खाली कोणीतरी लागतं. मी तुमच्या खाली होते, आबा. तुम्ही सगळं करू शकत होता, आणि तुम्ही ते सोडलंत. कचेरीत बसून मी रोज माणसं बघते. हातातलं वर्चस्व आपणहून सोडणारा माणूस मी आजवर एकच पाहिलाय."

गुरुजींनी चष्मा काढला. वैजनाथ माईक बाजूला ठेवून शेवटच्या बाकाकडे गेला आणि त्यानं सगळ्यांदेखत रेश्मापुढे हात जोडले. "ताई, चुकलं माझं. सोमवारी दहाला वाचनालय तूच उघडायचं." रेश्मानं मनकर्णाबाईंचा हात धरला तो सोडला नाही. बाईंना डोळे पुसायला एकच हात उरला.

पण ज्योतीचं बोलणं संपलं नव्हतं. ती आता हळू आवाजात बोलत होती, फक्त बापाशी.

"या महिन्यात माझ्या तालुक्यात मी अशी चार लग्नं थांबवली. कायदा दाखवला की बाप गप्प बसतात. पटत मात्र एकालाही नाही. मी गेले की दुसरीकडे मुहूर्त काढतात. आबा, परवा माझ्याबरोबर चला. बापाचं बापाला पटतं."

"मी अडाणी मानूस. मी काय सांगू त्यास्नी?"

"आत्ता सांगितलंत तेच. थापडीसकट."

सहादेवनं रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "किती वाजता निघायचं?"